तिसऱ्या नंबरची घागर

लातूर
८ फेब्रुवारी १९८३

प्रिय तारामतीस,

सप्रेम जयभीम.

तू आणि आपली आमू मुदखेडला पोचल्याचं तुझ्या वडिलांच्या कार्डावरून कळलं. कार्डावर एवढंच होतं, 'दोघी सुखरूप. नरसिंग.' जन्मभर रेल्वेचा सिग्नल सांभाळून मामांना पत्रसुद्धा तांबडं किंवा हिरवं एवढंच लिहायची सवय लागली आहे. हे तांबडं की हिरवं, तेवढं मात्र कळलं नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वर लिहायची रीत आहे. कारण तुला ठाऊक आहे आणि मला लिहायचं नाही, तेव्हा ती ओळ सोडून देऊ. दोन घागरी पाण्यासाठी बायको माहेरी गेली असं लाईनीवरच्या गावांत सांगितलं तर दुकानदार माझ्याकडून साबण घेण्याऐवजी मलाच धुतील. म्हणून मी सांगतो की मामांचा गुडघा सुजलाय. मामांना म्हणावं, महिनाभर जरा लंगडत चाला.

इकडे ऑगस्टात जिल्हा झाल्यापासून रंगाऱ्यांची चैन आहे. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहिणं अजून संपलेलं नाही. आमच्या कंपनीलाही जाग आली. पूर्वी माल सोलापूरहून रडतखडत यायचा, आता ट्रक थेट एजन्सीवाल्या चन्नबसप्पांच्या गोदामाला लागतो आणि तिथून आमचा टेम्पो साबण, काडेपेटी, चहाच्या पुड्या, खोबरेल घेऊन खेड्यांवर सुटतो. नव्या जिल्ह्याला नवा 'जिल्हा प्रतिनिधी' नेमायचा आहे. हे तू गेल्यावर कळलं. चन्नबसप्पा म्हणाले, "शेषेराव, तुझंच नाव वर कळवलोय बघ. मुरुडचा तुझा खेळ त्यांना लई पसंत पडलाय."

खेळ म्हणजे तोच. कबुतर छाप साबण कानाने विकत नाही, डोळ्याने विकतो. बाजारात टप मांडायचा, गिऱ्हाइकाच्याच खांद्यावरचं उपरणं मागून घ्यायचं, बुचकळायचं आणि फेस काढून दाखवायचा. मुरुडच्या हापशाचं पाणी जड आहे, त्यात साबण फाटतो. म्हणून गोडं पाणी लागलं. घरात होतं, घेतलं. यात तीनशे मैल तोंड फिरवून बसण्यासारखं काय आहे? (तीनशे नाहीत, पण मला तेवढे वाटतात.)

एप्रिलात मुंबईचे साहेब येणार आहेत. मुरुडच्याच बाजारात त्यांच्यासमोर पुन्हा धुऊन दाखवायचं आहे. जमलं तर जागा माझी. मग लातूरला खोली घेऊ, खोलीत नळ असेल. हे सगळं मी कुणासाठी करतोय, ते तूच सांग.

आमूला चहाच्या पुडीतलं वाघाचं चित्र पाठवतो आहे. तिला म्हणावं, वाघ भूक लागली की घरी येतो.

तुझा,
शेषेराव


करंजवाडी
२६ फेब्रुवारी

प्रिय तारामती,

जयभीम. उत्तर नाही. ठीक आहे. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, म्हणून मी बोलत राहतो.

आठवडाभर घरी आहे. टेम्पोचा पाटा तुटला आहे, आणि तसाही माल खपत नाही. दुष्काळ काय असतो ते दुकानाच्या फळीवर नीट दिसतं. साबणाची अख्खी वडी आता कुणी घेत नाही. दुकानदार दोऱ्याने तिचे चार तुकडे करतात आणि तुकडा विकतात. चहाच्या पुड्या मात्र पूर्वीसारख्याच जातात. परवा निवळीचा दुकानदार म्हणाला, "साहेब, साबन वापस न्या. लोकायला प्यायला न्हाई, धुतेत कशाला?" मी त्याला फेसाचं भाषण दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला चहा पाजला.

आईला घागर उचलत नाही, म्हणून टँकरला मी जातो. हसलीस ना? हस. वस्तीतल्या सगळ्या बायका हसल्या. टँकर दिवसाआड येतो, आपल्या समाजमंदिरासमोरच उभा राहतो. बायका सकाळीच घागरी ओळीने मांडून कामावर जातात आणि ज्याची त्याची जागा कुणी हलवत नाही. पहिली घागर आंधळ्या पारूबाईची. दुसरी सरजाबाईची, घरात लेक बाळंतीण आहे म्हणून. तिसऱ्या जागी घागर नव्हती, नुसता आपला तुटका वरवंटा उभा होता. मला वाटलं, वा, घराची जागा राखली आहे! मी वरवंटा उचलला आणि घागर ठेवली.

सरजाबाईने ती घागर पायाने बाजूला सरकवली. पायाने! म्हणाली, "त्यो नंबर तारामतीचा हाय. तुमच्या घराचा न्हाई."

"मी तिचा नवरा आहे," मी म्हणालो.

"हाव की. म्हनून तर मागं उभं ऱ्हा म्हनून राहिले."

शेवटून पहिला उभा राहिलो. माझ्यापुढे तीस घागरी. माझ्यापर्यंत येईतो टँकरच्या नळीतून पाणी कमी आणि हवा जास्त येत होती. आईने एका घागरीत स्वयंपाक, पिणं आणि तिचं चूळ भरणं बसवलं आणि दिवसभर मला ऐकवलं, "सुनंचा नंबर मोकळा ठिवतेत अन् सासू वाळून चालली. कसल्या म्हनाव्या ह्या बाया!" पण मी पाहिलं, ऐकवताना ती गालातल्या गालात हसत होती. तुझी सासू तुझ्याच बाजूची आहे, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

माझा फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरला तेव्हा घागर निम्मी झाली, म्हणून तो अर्धाच भरून लाईनीवर निघणार आहे. तू हसून म्हणतेस तो 'सायबाचा तांब्या' यंदा अर्धा सायब झाला.

तुला राग आला हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी मला काय ठाऊक, की ते पाणी इतकं मोलाचं होतं? मी नऊ दिवस लाईनीवर होतो. घरी आलो, घागरी दिसल्या, घेतल्या. कुणी काही सांगितलं असतं तर मी हात लावला असता का?

आमूचा वाघ पोचला का?

शेषेराव


करंजवाडी
१९ मार्च

तारामती,

मामांचं कार्ड आलं. दोन ओळी जास्त आहेत. 'तुमची पत्रं पोचतात. ती दोनदा वाचते. काही बोलत नाही.' मी ते कार्ड खिशात ठेवून तीन गावं केली.

आज तुला खरं लिहितो. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं, आणि तू दोनदा वाचतेस म्हणजे ते खोटं तू दोनदा वाचलंस. त्याची लाज वाटते.

परवा कंपनीची पोस्टरं काढायला लोखंडी पेटी उघडली. एका पोस्टरच्या पाठीवर तुझं अक्षर दिसलं. पुढून ती फेसात हात घालून हसणारी बाई आणि मागून तुझा अर्ज. कच्चा असावा, पक्का तू कचेरीत दिलास. मी खाली बसून वाचला. 'टँकर मारुतीच्या पारापर्यंत येतो. पारापासून आमची वस्ती तीनशे बारा पावलं आहे. तेवढं अंतर टँकर येत नाही व गावाचं भरून झाल्यावर गाळ उरतो, तो आम्हांस मिळतो.' शेवटी तू आधी 'कृपा करावी' लिहिलं होतंस. ते खोडून 'व्यवस्था करावी' केलंस. खाली एकतीस घरांचे अंगठे आणि सह्या. आपल्या घराची सही तुझी.

मी पारापासून चालून पाहिलं. माझी दोनशे ऐंशीच भरली. पण माझी टांग लांब, आणि डोक्यावर घागर नव्हती.

आईने सांगितलं, तू आमूला कडेवर घेऊन तीनदा लातूरला गेलीस. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा तेच कळेना. उस्मानाबाद असतं तर इतक्या खेपा झाल्या नसत्या, जिल्हा जवळ आला म्हणून जमलं, असं तू वस्तीत म्हणालीस म्हणे. बघ, त्याच नव्या जिल्ह्यात मी माझ्यासाठी पाटी शोधत होतो आणि तू एकतीस घरांसाठी पाणी.

आता ते खोटं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी टेम्पो घरापुढे उभा केला तेव्हा तू खडी फोडायला गेली होतीस. आईने दारातच सांगितलं होतं, "आज पहिल्यांदा टँकर वस्तीत आला बाबा. तारामतीनं आनला. लोकायनी नळीवर फुलं टाकली." मी ऐकलं. आणि त्याच घागरी उचलल्या. आई आडवी आली. तिला मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत दुसरं आणतो."

तू विचारशील, का? जड पाण्याचं कारण अर्धं खरं आहे. एजन्सीतून गोड्या पाण्याचं पिंप घ्यायचं होतं, ते मी विसरलो. पण मुरुडच्या बाजारात चौकातल्या हॉटेलवाल्याकडे टँकरचं गोडं पाणी होतं. पिंप भरलेलं, दर बाजारी समोर दिसतं. मागितलं असतं तर दोन घागरी त्याने दिल्या असत्या, गर्दी जमली की त्याचाही चहा खपतो. मला मागता आलं नसतं, म्हणून बाजाराला पोचायच्या आधीच मी घरी वळलो.

मी आठ वर्षांचा होतो. बाबांबरोबर त्याच बाजारात आलो होतो, उन्हाळा होता. तेव्हा त्या चौकात दुसरा कुणी हॉटेलवाला होता. मी पाणी मागितलं. त्याने मला मोरीजवळ उभं केलं, ओंजळ धरायला लावली आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. ते नाकात गेलं, नवा सदरा भिजला. बाकावरचे लोक हसले. बाबा दुसरीकडे बघत होते. धर्म बदलून तीन वर्षं झाली होती आणि बाबा घरी आम्हाला ताठ चालायला शिकवायचे, तरी त्या वेळी ते दुसरीकडे बघत होते. त्यांचा राग येत नाही मला. पण त्या दिवसापासून आजतागायत मी बाजारात कुणाकडे पाणी मागितलेलं नाही. फिरकीचा तांब्या त्यासाठी आहे. तू हसायचीस, मीही हसायचो, ते सोपं होतं.

तेव्हा असं झालं. कुणाकडे मागायला नको म्हणून मी तुझं घेतलं. तू सरकारकडे मान वर करून मागितलेलं, ते मी एका अनोळखी माणसाच्या उपरण्यावर ओतलं. आणि ते बघायला हप्त्याचा बाजार करायला आलेल्या आपल्याच वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. सरजाबाई पहिल्या रांगेत होती. मी तिला ओळखीचं हसलोसुद्धा. फेस गुडघ्याएवढा आला होता. लोकांनी टाळ्या दिल्या. घरी आलो तो रिकाम्या घागरी वाजवत आलो.

तू एकच वाक्य बोललीस. "पानी आनायला मी, सांडायला तुमी." आमूला उचललं आणि निघालीस. दोन घागरींसाठी बायको गेली असं मी सहा आठवडे स्वतःला सांगत होतो. तू दोन घागरींसाठी गेली नाहीस, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

लगेच ये असं लिहायला तोंड नाही. पण तुझ्यावाचून या घरात मला बसवत नाही, तेवढं लिहितो.

शेषेराव


करंजवाडी
१४ एप्रिल

तारामती,

जयंतीचा जयभीम.

आज वाटलं होतं तू येशील. एस. टी. थांबली की प्रत्येक वेळी बघत होतो. यंदा समाजमंदिराला चुना नाही, चुना कालवायला पाणी कोण देणार? नुसत्या निळ्या पताका लावल्या आणि पोरांनी झाडून काढलं. मिरवणुकीनंतर सरबत असतं, ते या वर्षी नको असं ठरलं. त्याऐवजी प्रत्येकाला गुळाचा खडा. भाषणात सरजाबाईच्या जावयाने तुझं नाव घेतलं, 'आपल्या वस्तीत पाणी आणणाऱ्या भगिनी' असं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडा चघळत खाली बघत राहिलो. अभिमान आणि शरम एकाच वेळी तोंडात धरता येतात, हे नव्याने कळलं.

वरवंटा अजून तिसऱ्याच नंबरावर आहे. मी अजून शेवटीच आहे, पण आता माझ्या पुढची नागुबाई तिचं भरून झालं की घागर लवकर बाजूला घेते, म्हणजे मला थोडं बरं मिळतं. हा निकाल कोणत्या बाजूने समजायचा?

साहेब पंचविसाव्या तारखेला येणार आहेत. चन्नबसप्पांनी या वेळी स्वतः पिंप भरून टेम्पोत चढवायचं ठरवलंय, मी विसरेन म्हणून.

शेषेराव


करंजवाडी
३० एप्रिल

प्रिय तारामती,

पाच दिवस झाले, आता लिहितो.

साहेब मोठ्या गाडीतून आले. पांढरा सदरा, बोलायला सभ्य माणूस. बाजार भरलेला, पण तुला सांगतो, तो बाजार बघवत नव्हता. बैल स्वस्तात काढलेले, भाजीच्या पाट्या निम्म्या. चौकात टप मांडला. शेजारी लातूरहून आणलेलं पिंप, काठोकाठ भरलेलं, वर ओलं पोतं. मी खोक्यावर चढलो. तू माझं बोलणं ऐकलेलं आहेस, माणसं आपोआप जमतात. जमली. एकाने स्वतःहून उपरणं पुढे केलं. मग मी खोक्यावरून पाहिलं तर कुणाचंच लक्ष माझ्याकडे नव्हतं, साबणाकडे नव्हतं. सगळे त्या पिंपाकडे बघत होते. एका म्हातारीने तर ओल्या पोत्यावर हात ठेवला होता, नुसता गार लागतो म्हणून.

मी उपरणं त्याला परत दिलं. म्हणालो, "मंडळी, कबुतर छाप साबण चांगला आहे, पाऊस पडला की या, फुकट धुऊन देईन. आज हे पाणी मी सांडणार नाही." आणि खाली उतरलो.

लोक हसले, काहींनी टाळी दिली. साहेब खोक्यापाशी आले. म्हणाले, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण आम्हाला प्रतिनिधी हवा आहे." ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. जागा उदगीरच्या एकाला मिळाली. लातूरची खोली गेली, खोलीतला नळ गेला. मी आहे तिथेच, टेम्पोवर. तुला वचन दिलं होतं ते मोडलं, एवढं लिहायचं होतं.

चन्नबसप्पा चांगलेच तापले. परतीच्या वाटेवर करंजवाडीच्या फाट्याला त्यांनी टेम्पो थांबवायला लावला. मग म्हणाले, "आता ह्ये पाणी परत लातूरला न्यायचं व्हय रे? डिझेल काय तुझा सासरा देतोय? उतरव तुझ्या वस्तीत, जा!" मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

वस्तीत टेम्पो थांबला तेव्हा बायका कामावरून आलेल्या होत्या. सरजाबाईने विचारलं, "ह्ये कुनाचं पानी?"

"कंपनीचं," मी म्हणालो.

"धुवायचं व्हतं न्हवं? मग?"

"न्हाई धुतलं."

तिने पिंपावरचं ओलं पोतं उचलून आत पाहिलं. मग बायकांना म्हणाली, "लावा गं नंबर." पारूबाईची घागर भरली, सरजाबाईची भरली. तिसऱ्या जागी वरवंटा. मी पुढच्या घागरीकडे वळलो, तर सरजाबाईने माझ्या घरात जाऊन तुझी घागर आणली, ती मोठी, गळ्याला चीर पडलेली. वरवंट्याशेजारी ठेवली. "भरा," म्हणाली. मी भरली. आई ती घरात घेऊन गेली आणि झाकून ठेवली. पाच दिवस झाले, तिला कुणी हात लावलेला नाही. आई म्हणते शिळं झालं असेल. मी म्हणतो राहू दे.

एक गोष्ट मात्र राहिली, ती लपवत नाही. त्या दिवशी बाजारात उतरल्यावर घसा कोरडा पडला होता. तांब्या घाईत घरीच राहिलेला. मी हॉटेलापर्यंत गेलो. बाकाला हात लावला. पोऱ्यासारखा तिथे उभा राहिलो आणि परत आलो. पाणी न सांडणं जमलं, मागणं जमलं नाही. बत्तीस वर्षांचा घोडा आणि ओंजळ अजून आठ वर्षांची आहे.

आमूला म्हणावं, वाघाला भूक लागली आहे.

तुझाच,
शेषेराव


मुदखेड
९ मे १९८३

आमूच्या वडिलांना,

जयभीम.

तुमची पाचही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या दोन पत्रांत तुम्ही मला साबण विकत होता. तिसरं पत्र आलं ते मी दादांना, म्हणजे तुमच्या मामांना, मोठ्याने वाचून दाखवत होते. मोरीजवळच्या ओळीपाशी थांबले. पुढचं एकटीने वाचलं. संध्याकाळी दादा म्हणाले, "माजलगावच्या बाजारात माझ्यासंगं बी असंच झालं व्हतं." त्यांनीही आईला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हा बापलोकांच्या पोटात काय काय असतं, देव जाणे, आणि देव तर आपण मानत नाही.

फिरकीच्या तांब्यावरून मी नऊ वर्षं हसले. तुम्ही एकदा सांगायचं होतं. मला ठाऊक असतं तर त्या दिवशी खडीवरून सुट्टी घेऊन मी बाजारात आले असते आणि तुमच्यासाठी मीच पाणी मागितलं असतं. दोन घागरी कशाला, पिंप मागितलं असतं. मला मागता येतं. पहिल्यांदा कचेरीत गेले तेव्हा मलाही येत नव्हतं, जिन्यातूनच परत फिरले होते. ते मीही तुम्हाला सांगितलं नव्हतं. साहेब दौऱ्यावर होते असं घरी सांगितलं.

लातूरच्या खोलीचं वाईट वाटून घेऊ नका. इथे क्वार्टरात नळ आहे. सोडला की येतं. पहिले आठ दिवस बरं वाटलं, मग सकाळी उठून पारूबाईची घागर कोण उचलत असेल असं मनात यायला लागलं. राग गेला असं समजू नका. थोडा ठेवला आहे, लागेल तेव्हा काढीन.

त्या घागरीतलं पाणी आईंना म्हणावं वापरून टाका. झाकून ठेवायला ते काय सोनं आहे का? माझ्या नंबरावर तुम्ही उभं राहायचं नाही, तो माझा आहे. भरलेली घागर उचलून घरी मात्र तुम्ही न्यायची. आता तीनशे बारा पावलं नाहीत, बावीस आहेत, मी मोजली आहेत.

येत्या गुरुवारी आमू आणि मी नांदेडहून दुपारच्या गाडीने निघतो. आमूने वाघाचं चित्र पाटीवर चिकटवलंय, ते घेऊन येणार म्हणते. लातूरच्या स्टँडवर घ्यायला या. तांब्या आणू नका. उन्हाचा प्रवास, मला तहान लागलेली असेल. स्टँडवरच्या हॉटेलात तुम्ही माझ्यासाठी पाणी मागा. मी शेजारी उभी राहते.

तुमची,
तारामती